पावरहाउसचं पाणी

"ताई, एक विचारू? तुमच्या घरी वीज आहे ना?"

मागच्या रांगेतला एक तरुण उभा राहून विचारत होता. आवाजात उर्मटपणा नव्हता, पण प्रश्न नवा नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. थोडी खसखस पिकली. जानेवारीतली रात्र, आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला, विषय 'पर्यावरणाची चळवळ आणि विकासाचा फेरविचार'. वक्त्या नर्मदेच्या खोऱ्यात तीसेक वर्षं काम केलेल्या. पडद्यावर चित्रं दाखवण्याची सोय होती, ती त्यांनी नाकारली. सोबत आणलेला कापडावर रंगवलेला नकाशा भिंतीवरची दोन कॅलेंडरं उतरवून त्यांच्याच खिळ्यांना अडकवला आणि तासभर त्या नकाशाशेजारी उभं राहूनच बोलल्या.

प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"आहे की. पंखा आहे, फ्रीज आहे, मोबाइल हा इथे माझ्या हातात आहे. म्हणून तर मी विचारते. ज्याच्या घरात दिवाच नाही, त्याला काय विचारणार की बाबा, तुझी वीज कुठून येते? विचारायचं ते ज्यांच्याकडे आहे त्यांनीच." मग जरा थांबून त्यांनी उलट विचारलं, "तुमची ही कुंडलिका मे महिन्यातसुद्धा वाहते. कोकणातल्या बहुतेक नद्या तेव्हा कोरड्या असतात. हिला पाणी कुठून येतं?"

चार-पाच जण एकदम म्हणाले, "पावरहाउसचं पाणी!"

"आणि पावरहाउसमध्ये?"

सभागृह गप्प झालं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी. महाराष्ट्रातल्या जलविद्युत केंद्रांचा तक्ता मुलांकडून पाठ करून घेतला: खोपोली, भिवपुरी, भिरा, कोयना. भिऱ्याला पाणी मुळशीहून येतं, हे मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. तरी माझा हात वर गेला नाही. उत्तर ठाऊक असूनही त्याचा माझ्याशी काही संबंध आहे हे कधी मनात आलंच नव्हतं, ही गोष्ट त्या क्षणी लख्ख कळली आणि हात मांडीवरच राहिला.

आमचं गाव कोलाड आणि रोह्याच्या मधलं. घराच्या मागच्या दारातून नदी दिसते. माझ्या आईचं माहेर महाडच्या बाजूला, डोंगरात. मे महिन्यात तिथे गेलं की विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या मावश्या दिसायच्या. एक हंडा भरायला अर्धा तास. परत आलं की आमची नदी दुथडी नसली तरी भरलेली, थंडगार. सकाळी ठरावीक वेळेला तिची पातळी वाढायची. आजी कपडे धुवायला जायची त्या धोंडीच्या पुढे पात्रात एक काळा खडक होता, त्याला सगळे 'म्हैस' म्हणायचे. म्हशीची पाठ ओली झाली की आजी पिळे उचलायची आणि आम्हा पोरांना हाक मारायची, "या रे बाहेर, पावरहाउसचं पाणी आलं!" पायाला आधी थंडी कळायची, मग ओढ. पाण्याचा तो गारवा विहिरीच्या पाण्यासारखा नव्हता, पावसाच्या पाण्यासारखाही नव्हता. फार खोल कुठेतरी राहून आल्यासारखा होता.

त्याच पाण्यावर डोलवहालचा बंधारा आणि तिथून निघालेले कालवे. आमच्या तीन एकरांत पावसाळी भात व्हायचं आणि मग कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात. दिवाळीनंतर नांगर बांधून ठेवणारी गावं आमच्यापासून फार लांब नव्हती. आमच्याकडे मात्र पौषात पुन्हा लावणी. माझ्या डी.एड.ची फी, धाकट्या भावाचं आयटीआय, घरावरची मंगलोरी कौलं, हे सगळं त्या दुसऱ्या पिकातलं. वडील कणगीवर हात ठेवून म्हणायचे, "नदी आपल्याला लक्ष्मी आहे." आता त्याच नदीत पर्यटक रबरी होड्या घेऊन उतरतात. सकाळी पाणी सुटलं की भगव्या-पिवळ्या जाकिटातली मुलं आरडाओरडा करत खाली जातात. किती घरांची चूल त्यावर चालते. होड्या, कालवा, कौलं, सगळं एकाच पाण्यावरचं. ते पाणी आपलंच, असं आम्ही धरून चाललो होतो. नदी आमच्या गावातून वाहते म्हणजे पाणी आमचं.

व्याख्यानातल्या बऱ्याच गोष्टी मी वहीत टिपून घेतल्या. नर्मदेच्या काठी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली महाराष्ट्राची तेहेतीस गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली आली, त्यांतलं पहिलं मणिबेली. जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ साली प्रकल्पाच्या पुनर्वसनावर आणि पर्यावरणाच्या बाजूवर कठोर अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी बँकेचं उरलेलं कर्ज भारत सरकारने नको म्हटलं. धरण थांबलं नाही. काही वर्षं न्यायालयाच्या आदेशाने बांधकाम अडलं. २००० सालच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने उंची वाढवायला परवानगी दिली, आणि शेवटी ती १३८.६८ मीटरला पोचली. हे आकडे ताईंनी भराभर सांगितले, जणू तो त्यांच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग नव्हताच.

त्या रेंगाळल्या जीवनशाळांपाशी. निमगव्हाण, चिमलखेडी या गावांत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धरणाविरुद्धच्या आंदोलनाने शाळा काढल्या, कारण सरकारी शाळा कागदावर होत्या आणि मास्तर तालुक्याला. मुलांना त्यांच्याच बोलीत शिकवायचं, गावातल्याच शिकलेल्या पोरांनी शिकवायचं. पाणी चढायला लागलं की शाळेचे वासे, कूड, दारं, फळा सोडवून डोंगरावर न्यायचं आणि पुन्हा उभं करायचं. "फळा नेहमी शेवटी न्यायचो," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत वर्ग चालू." मी शिक्षक आहे. पाणी पायरीला लागलेलं असताना पाढे म्हणणारा वर्ग मला त्या कापडी नकाशाच्या पलीकडे स्पष्ट दिसला.

आणि एक शब्द त्यांनी सहज उच्चारला, तो मात्र माझ्या मनातून जाईना. प्रकल्पग्रस्त. घरी येऊन मी तो वहीत मोठ्या अक्षरात लिहिला आणि त्याच्याखाली त्याची भावंडं लिहिली: दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला, ग्रासलेला. ग्रहणात सूर्य ग्रासला जातो तसा. आपल्या भाषेने धरणाला, रस्त्याला, कारखान्याला पुराच्या आणि भूकंपाच्या पंगतीत बसवलं आहे. कोणा कार्यकर्त्याने रागाने घडवलेला हा शब्द नव्हे. तो सरकारी दाखल्यावर छापलेला असतो, नोकरीच्या जाहिरातीत आरक्षणाच्या रकान्यात असतो. तसाच 'बुडीत क्षेत्र' हा शब्द. बँकेत बुडीत कर्ज असतं, म्हणजे परत न येणारं. वर्षानुवर्षं आपण हे शब्द वापरतो आणि त्यांत काय कबूल केलं आहे ते आपल्या कानाला लागत नाही. मी वर्गात किती वेळा 'प्रकल्पाचे फायदे व तोटे' असा प्रश्न घातला असेल. मुलं फायद्यांचे पाच मुद्दे लिहायची आणि तोट्यांत शेवटी एक ओळ: 'काही लोकांना विस्थापित व्हावं लागतं.' त्याला मी पूर्ण गुण द्यायची. कोणते लोक, ते कुठे गेले, हे मी एकाही मुलाला विचारलं नाही.

म्हणून मे महिन्यात मी मुळशीला गेले. कोलाडहून विळे, विळ्याहून ताम्हिणी घाट. एसटीच्या खिडकीतून कड्यावर करवंदांच्या जाळ्या दिसत होत्या, घाटमाथ्यावर हवा बदलली आणि थोड्या वेळात डाव्या हाताला तो प्रचंड जलाशय दिसायला लागला. एवढं पाणी मी समुद्राखेरीज कुठे पाहिलं नव्हतं. आणि हे सगळं पाणी मुळात तिकडचं, पूर्वेकडचं. मुळा नदी पुण्याकडे जाते, मुठेला मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. धरणाने तिला अडवली, बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम कड्याशी आणली आणि सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडली. तिथे जनित्रं फिरवून ते पाणी कुंडलिकेत येतं, आणि आमच्या घरामागून, 'म्हशी'वरून, रेवदंड्याच्या खाडीत. बंगालच्या उपसागराला निघालेली नदी अरबी समुद्राला जाऊन मिळते. हे मी तक्त्यात शिकवलं असतं तरी मुलांचे डोळे विस्फारले असते. पण शिकवलं नाही.

या पाण्याची हकीकत शंभर वर्षांपूर्वीची आहे. लोणावळ्याच्या तळ्यांवर खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं होतं. मुंबईच्या गिरण्यांची विजेची भूक वाढत होती. टाटांच्या कंपनीने मग मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमावर धरण बांधायचं ठरवलं. मुळशी पेटा म्हणजे आंबेमोहोराचं आगर. भाताला मोहोराचा वास येणारी ती खाचरं, देवळं, वाड्या, पन्नासच्या आसपास गावं त्यात जायची होती. चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली तेव्हा शेताच्या मालकाला कोणी विचारलं नव्हतं. एका शेतकऱ्याने हरकत घेतली तर साहेब इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, असं नोंदलेलं आहे.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे बायकामुलांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पुढे पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे, विलायतेला शिकायला जाऊन बाँबची विद्या घेऊन आलेले आणि परतल्यावर गावाचे रस्ते झाडू लागलेले. त्यांचं 'सेनापती' हे नाव इथलंच, याच खोऱ्याने त्यांना दिलेलं. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. काम थांबलं. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त सत्याग्रहींच्या बाजूने लिहिलं आणि कायद्याच्या हक्कावर अडून बसण्यापेक्षा कंपनीने लोकांशी बोलून घ्यावं असं सुचवलं. धरणाविरुद्ध झालेल्या जगातल्या पहिल्या संघटित लढ्यांपैकी हा एक. तो आमच्या घरापासून एका घाटाच्या अंतरावर झाला होता.

मग सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा पुढे केला. 'सार्वजनिक कारण' हे दोन शब्द त्यात होते आणि तेवढे पुरेसे होते. खोऱ्यात फूट पडली ती इथे. बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती, कसणारी कुळं होती मावळातली. मोबदला सातबाऱ्यावर नाव असेल त्याला मिळतो. ज्यांचं नाव होतं त्यांना पैसे घेऊन मोकळं व्हायचं होतं, ज्यांचे पाय चिखलात होते त्यांना जमीन सोडायची नव्हती. मला ही गोष्ट धरणाच्या उंचीपेक्षा महत्त्वाची वाटते. माणसं बाहेरच्याशी लढताना हरली त्याआधी आतल्या सातबाऱ्यावर हरली होती. १९२४ च्या अखेरीस मजुरांना घेऊन जाणारी आगगाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची सजा झाली आणि लढा तिथे संपला. १९२७ साली भिऱ्याची जनित्रं फिरली. तो १८९४ चा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही तसाच चालत राहिला, कोयनेला लागला, नर्मदेला लागला. त्याच्या जागी नवा कायदा यायला २०१३ साल उजाडलं. खासगी प्रकल्प असेल तर ऐंशी टक्के बाधितांची संमती घ्या, असं त्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं. मुळशीत बसलेल्या माणसांनी मागितलं ते याहून फार वेगळं नव्हतं: आम्हाला विचारा.

धरण नको होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, हे इथे कबूल करायला हवं. मुंबई त्या विजेवर चालली. तेवढाच कोळसा गिरण्यांनी जाळला असता तर परळ-लालबागच्या फुप्फुसात गेला असता. माझ्या वडिलांची कणगी भरली नसती. आईच्या माहेरच्या मावश्यांसारखी मीही विहिरीत उतरले असते. लाभ घेऊन झाल्यावर लाभाला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण म्हणूनच मला हिशेब कळायला हवा होता. हिशेबाच्या वहीत एका पानावर जमा आणि दुसऱ्या पानावर खर्च असतो. आमच्या हातात कायम जमेचंच पान आलं. खर्चाचं पान घाटाच्या वर राहिलं आणि दोन्ही पानं एकत्र शिवायचं काम कोणी केलं नाही. ना शासनाने, ना पाठ्यपुस्तकाने, ना मी.

व्याख्यानाच्या शेवटी एका काकांनी ताईंना विचारलं होतं, "सगळं पटलं हो, पण मग करायचं काय?" त्यावर त्यांनी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट सांगितली. धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं छोटं गाव. ऐंशीच्या दशकात त्या भागातली माणसं इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध उठली होती, त्यातून तिथे 'मावा नाटे मावा राज' ही हाक आली. आमच्या गावात आमचं राज्य. धरणं मागे पडली. बाकी गावं मोर्चा संपवून घरी गेली. मेंढा मात्र विचार करत बसलं की राज्य आमचं म्हणायचं तर ते चालवायचं कसं. देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले सोबती. अभ्यासगट बसायचा, म्हणजे नुसती चर्चा, निर्णय नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असेल तरी विषय पुढच्या बैठकीला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू तोडून विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात गेलं.

"एक पावतीपुस्तक," ताई म्हणाल्या, "त्यासाठी तीस वर्षं."

काकांना हे उत्तर पुरेसं वाटलं नसावं. मलाही त्या रात्री वाटलं नव्हतं. मुंबईला लागणारी वीज सर्वसहमतीने कशी ठरवणार? पण घाट चढताना मी तीच गोष्ट उलटीकडून पाहत होते. मेंढ्याने बांबू तोडणं बंद केलं नाही. तोडायचा किती, विकायचा कोणाला, पुढच्या वर्षासाठी ठेवायचा किती, हे बांबूजवळ राहणाऱ्यांनी ठरवलं. जो भोगणार तोच ठरवणार. मुळशीत, मणिबेलीत ठरवणारे वेगळे आणि भोगणारे वेगळे होते. हा फरक मोठ्या कामात मिटवता येत नसेल, तर मग मोठं काम करताना निदान पायात काटा रुतल्यासारखं वाटत तरी राहावं. आपल्याला तो काटा टोचतच नाही, कारण ज्या पायात तो रुतलेला असतो तो पाय आपला नसतो.

आणि आता पाळी आमच्यावरही येऊ शकते. सोलापूरकडचं भीमा खोरं तहानलेलं आहे. मुळशीचं पाणी कोकणात का सोडता, ते पूर्वेला त्याच्या मूळ वाटेनं येऊ द्या, ही मागणी तिकडून कित्येक वर्षं होते आहे आणि शासनाने त्यावर समित्याही नेमल्या आहेत. मागणी चुकीची कशी म्हणू? पाणी त्यांच्याच नदीचं. पण ते वळलं की आमचा कालवा कोरडा, उन्हाळी भात गेलं, होड्या गेल्या. रोह्याच्या कारखान्यांखाली आधीच मळलेल्या नदीला वाहतं पाणीही राहणार नाही. त्या दिवशी आम्ही प्रकल्पग्रस्त होऊ. आणि तेव्हा आम्ही म्हणू की आम्हाला विचारलं का नाही. हे सुचल्यावर एसटीत मला बसवेना. गाडी तळ्याकाठच्या एका थांब्यावर थांबली तिथे मी उतरले.

पाणी बरंच खाली गेलं होतं. काठापासून पाण्यापर्यंत भेगा पडलेला गाळ, त्यावर हिरवं गवत आणि गुरं. गाळात पुढे गेले तेव्हा पायाखाली दगड लागले. सुटे नव्हते, एका रेषेत होते. मी वाकून पाहिलं. गुडघाभर उंचीचा बांध, मोठा दगड खाली, लहान वर, मधल्या फटीत चिपा ठोकलेल्या. त्याच्या पलीकडे हातभर खाली दुसरा बांध, मग तिसरा. खाचरं. उतारावर एकाखाली एक, अगदी पाण्यात शिरेपर्यंत, आणि नक्की पाण्याखालीही तशीच पुढे गेलेली. माझ्या वडिलांनी आयुष्यभर बांध घातले. चिप कुठे ठोकायची हे मला कळतं. शंभर वर्षं दरसाल पाण्यात जाऊन, दरसाल वर येऊनही ते दगड हलले नव्हते. मी एका बांधावर बसले. दगड उन्हाने तापला होता.

गुरांमागचे एक म्हातारेबाबा काठी टेकत आले. ऐंशीच्या घरातले, टोपी, अंगात बंडी.

"कुठनं आलात बाई? पुन्याहून?"

"नाही बाबा, खालून. कोलाडकडून."

ते शेजारच्या दगडावर बसले. पाण्यात बोट दाखवून म्हणाले, "आमचं गाव तिथं. माझा बा तवा धा वर्साचा व्हता. त्येनं सांगितलं, देवळातला देव डोक्यावर घेतला आन् वर आले. वर म्हंजी त्या टेपावर. भात काय टेपावर हुतंय व्हय? नाचनी, वरी. पोरं म्हमईला." त्यांचा एक नातू मुंबईत डबे पोचवतो. विरारच्या गाडीला. मुळशी-मावळातली किती घरं त्या डब्यांवर चालतात हे मी वाचलं होतं. ज्या खोऱ्यातला भात बुडाला त्या खोऱ्यातली माणसं मुंबईला जेवण पोचवतात. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

"आता गाळ उघडा पडला की गवत येतं, गुरास्नी बरं," ते म्हणाले. "कुठंकुठं गाळपेर करतात. पाऊस लागला की पुन्ना सगळं खाली." दिवा कधी आला, मी विचारलं. "लई उशिरा. माझी पोरं बापय झाल्ती तवा." तक्रारीचा सूर नव्हता. मी मात्र पायाशी असलेल्या बांधाकडे पाहत राहिले.

थोडा वेळ आम्ही दोघं गप्प होतो. गुरं पाण्याच्या काठाशी गेली होती. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडं म्हनं नदी बारमाही आसती? ह्येच पानी?"

"हेच."

"मंग पिकतं का?"

मला उत्तर देणं जड गेलं. "पिकतं. दोनदा. पावसाळी आणि उन्हाळी."

"कसलं भात?"

मी आमच्या बियाण्याचं नाव सांगितलं. त्याला वास नसतो. त्यांनी मान हलवली, हातातल्या काठीने गाळावर एक रेघ ओढली, आणि म्हणाले, "इथं आंबेमोहोर व्हता. बा म्हनायचा, शिजला की चार घरं सोडून वास यायचा." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "दोनदा पिकतंय म्हंजी बरं हाय. कुठंतरी पिकतंय."

उन्हं कलली. परतीच्या गाडीची वेळ झाली होती. मी उठले तसे तेही उठले आणि गुरांना हाळी घातली. रस्त्यापर्यंत सोबत आले. गाडी येताना दिसली तेव्हा त्यांनी एकदा वळून तळ्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडं पानी किती वाजता येतं?"

"सकाळी. आठ-साडेआठच्या सुमाराला."

"म्हंजी हितनं रातीच निघत आसंल." त्यांनी मनाशी हिशेब केला. "पोचतंय न्हवं पन नीट?"